नवीन टीमकडे चाललोय. जुनी पोरं सोबत न्यायची का?

डावापाय
१२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, वय ३४. शाळेत लेफ्ट विंगला खेळायचो. कॉलेजात गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ संपला. अंबडच्या एका कंपनीत तीन वर्षं क्वालिटीमध्ये काढली. रविवारी सोसायटीतल्या पोरांना खेळवायचो, त्यातून नाद लागला. आधी ई, मग डी हे कोचिंगचं लायसन्स केलं, नोकरी सोडली (घरी काय झालं ते विचारू नका) आणि गेली सात वर्षं गंगापूर रोडच्या बाजूला एका अकॅडमीत अंडर-१३ चा कोच आहे.

अकॅडमीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील, त्यांनीही लिहू नये. मानधन १८ हजार. गेल्या वर्षभरात दोनदा थकलं, दोन्ही वेळा दोन-दोन महिने. विचारलं की "सर, समर कॅम्पचे पैसे येऊ द्या." कॅम्प झाला, पैसे आले, टर्फवर नवीन फ्लडलाइट लागले.

दोन आठवड्यांपूर्वी नाशिकरोडच्या एका टीमचा फोन आला. अंडर-१३ आणि अंडर-१५ दोन्ही माझ्याकडे, २८ हजार, वर सी लायसन्सच्या कोर्सची अर्धी फी. चहा झाला, मैदान पाहिलं, माणसं बरी वाटली. मी गाडीला किक मारत होतो तेवढ्यात ते गृहस्थ हँडलवर हात ठेवून म्हणाले, "पंधरा-वीस पोरं तर येतीलच ना सर तुमच्या मागे?"

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही.

माझ्या बॅचला ४१ मुलं आहेत. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढलेला. एक मेसेज टाकला तर वीस येतील, हे मलाही माहीत आहे. टाकावा का? तुमच्यात कोच असतील, पालक असतील, नोकरी बदललेले तर सगळेच असतील. बोला.

---

सिडकोकर
१२ मे, रात्री ११:५२

काय भो, यात विचारायचं काय? कॉलेज रोडला फिजिक्सचा सर क्लास सोडतो तेव्हा अर्धी बॅच घेऊनच समोरच्या बिल्डिंगमध्ये चढतो. कुणी धागा काढतो का?

---

तर्री_जास्त
१३ मे, सकाळी ७:१५

गंगापूर रोड ते नाशिकरोड, तेही संध्याकाळी, तेही द्वारका चौकातून. वीस पोरं निघाली तरी मैदानावर पोचतील तेव्हा अंडर-१५ मध्ये गेलेली असतील.

---

अनघा_नि
१३ मे, सकाळी १०:०५

मी पालक. दुसऱ्या बाजूचं सांगते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याचे सर असेच गेले. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सोमवारी नेहमीसारखा शिनपॅड लावून, बाटली भरून गेला. गेटवर वॉचमन म्हणाला, "तुझे सर गेले रे, आता नवीन सर." नवीन सर वाईट नव्हते. पण घरी येऊन हा बूटही न काढता पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "आई, माझं काही चुकलं का?"

आदल्या शनिवारी पेनल्टी चुकली होती त्याची. त्याने ते जोडलं होतं.

नंतर कळलं की सरांनी सहा-सात पालकांना परस्पर फोन केले होते. चांगलं खेळणाऱ्या मुलांच्या. आम्हाला आला नव्हता. तो फोन न येणं माझ्या मुलाला शाळेत दुसऱ्या मुलाकडून कळलं.

म्हणून डावापाय, न्यायची की नाही हा नंतरचा प्रश्न. नेताना कुणाला बोलवणार आणि कुणाला नाही, ते आधी सांगा. ४१ मधली ती वीस कोणती?

---

सिडकोकर
१३ मे, सकाळी १०:२०

अनघाताई, गंमत केली होती. मागे घेतो.

---

जुना_गोली
१३ मे, दुपारी १:३०

मी देवळालीचा, आता साठीत. आमच्या वेळी अकॅडमी वगैरे प्रकरण नव्हतं. गोल्फ क्लब मैदानावर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण नाशिकमध्ये ते नाव घेऊन रिक्षा मिळत नाही) एका कोपऱ्यात क्रिकेटच्या चार मॅच, मधून आम्ही. सभा किंवा प्रदर्शन होऊन गेलं की मांडवाच्या खुंट्यांची भोकं उरायची. मी दोनदा गोल खाल्लाय तो बॉल भोकात पडून उडाला म्हणून. कॅम्पातले लष्कराचे जवान आणि बार्न्स शाळेची पोरं यांच्याशी खेळायला मिळालं तर आमची दिवाळी.

मुद्दा असा की पोरं मैदानासाठी येत नाहीत, माणसासाठी येतात. आमचे सर मैदान बदलायचे आणि आम्ही सायकली घेऊन त्यांच्या मागे. अकॅडमी म्हणजे काय? भाड्याचं टर्फ, छापील टी-शर्ट आणि फीची पावती. पोराला डाव्या पायाने ट्रॅप करायला कुणी शिकवलं? या माणसाने. मग ती पोरं त्याची नाहीत तर कुणाची? खुशाल न्या. ज्याने चार महिन्यांचे पैसे थकवले त्याला कसली निष्ठा दाखवायची?

---

अनघा_नि
१३ मे, दुपारी २:१०

काका, आदर ठेवून असहमत. सायकल घेऊन मागे जाणारी मुलं चौदा-पंधराची असतील. अकरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी सोडायला जातं. आणि वर्षाची फी एप्रिलमध्ये भरून झालेली असते. किटचे वेगळे. ते कोण परत करणार? तुमचे सर की टर्फवाला?

---

पाटाकडचा
१३ मे, दुपारी ३:४५

कोल्हापूरकर हजर. 🙏 फुटबॉलचा धागा आणि आम्हाला बोलावलं नाही?

आमच्याकडं हा प्रश्न पोरांचा नसतोय, पेठेचा असतोय. सीझनच्या आधी केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीकडनं (म्हणजे आमच्याकडं टीमकडनं) सही करतोय याच्यावर कट्ट्यावर आठ दिवस चर्चा. पाटाकडीलचा पोरगा दिलबहारकडं गेला तर त्याच्या आईला भाजी घेताना ऐकून घ्यावं लागतंय. शाहू स्टेडियमवर जुन्या टीमविरुद्ध गोल मारला तर बघायलाच नको.

पण खरं सांगू काय, आमच्यातलाच अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडनं अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. पोरगं वर जायचं तर कुणाला तरी सोडून जाणारच. पोरानं सोडणं वेगळं आणि कोचनं उचलून नेणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं.

अवांतर: २८ हजार ऐकून बरं वाटलं. आमच्याकडं अजून "चहा-नाष्टा आणि मान" यावर चालतंय बऱ्याच ठिकाणी.

---

कलम_बहाद्दर
१३ मे, संध्याकाळी ६:००

वकील आहे. फुकट सल्ला, तेवढ्याच किमतीचा समजा.

१. जुन्या करारात "सोडल्यावर दोन वर्षं नाशिक शहरात कोचिंग करणार नाही" असलं काही असेल तर फार घाबरू नका. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ धंद्याला आडकाठी करणारा करार निरर्थक ठरवतं. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट वेगळी, ती पाळावी लागते. म्हणजेच नोटीस पीरियडमध्ये पालकांना फोन लावत बसू नका.

२. पालकांचे नंबर. अकॅडमीने फॉर्मवर घेतलेली माहिती अकॅडमीची. तुमच्या खासगी ओळखीने असलेले नंबर ही गोष्ट निराळी, पण दोन्हीतली रेषा कोर्टात काढायची वेळ येऊ देऊ नका. ग्रुप तुम्ही काढलाय, नाव कुणाचं आहे ग्रुपला?

३. थकलेलं मानधन आधी लेखी मागा. साधं पत्र, तारखेसकट. तोंडी मागितलेल्या पैशाला आवाज असतो, पुरावा नसतो.

---

गाळीव_रत्न
१३ मे, रात्री ८:१२

जिलबी धागा, उगाच पाडलेला. नाशिकमध्ये फुटबॉल? इथे पोरं एक तर क्रिकेट खेळतात, नाही तर पळतात. सावरपाड्याची कविता राऊत झाली, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नाव वल्हवत रिओला गेला. फुटबॉलमधला एक सांगा.

---

जुना_गोली
१३ मे, रात्री ८:३०

एक सांगता येत नाही म्हणूनच कोच लागतो ना राव.

२०१७ आठवतंय? वर्ल्ड कपच्या आधी सरकारने १५ सप्टेंबरला 'मिशन वन मिलियन' केलं, राज्यभर एका दिवसात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना बॉल वाटले. माझी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बॉल कपाटात ठेवले, कारण हवा भरायचा पंप होता पण पिन नव्हती. पिन मी नेऊन दिली. बॉल होता, पोरं होती, मैदानही होतं. चौथी गोष्ट नव्हती.

---

दोन_पोरांचा_बाप
१३ मे, रात्री ९:४०

धाग्याचा विषय नाही, पण जाणकार जमलेत म्हणून विचारतो. धाकटा नऊचा, मागच्या महिन्यात फुटबॉलला घातला. तिथले सर रोज वीस-वीस हेडर मारायला लावतात. बायको म्हणते डोक्याला चांगलं नाही. मी म्हणतो सगळेच मारतात. कोण बरोबर?

---

डॉ_गुडघे
१३ मे, रात्री १०:२५

बायको.

(फिजिओ आहे.) अमेरिकेत २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद करायचं ठरलं, ११ ते १३ ला सरावात मर्यादा. इंग्लंडने २०२० मध्ये ११ वर्षांखालच्यांना सरावात हेडिंग नको असं सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलाची मान बारीक, डोकं त्या मानाने जड. वीस हेडरपेक्षा वीस वेळा दोन्ही पायांनी पास द्यायला सांगा. सरांशी भांडू नका, नीट विचारा. बहुतेक वेळा सर स्वतः जसे शिकले तसंच शिकवत असतात.

आणि बॉलचा नंबर बघा. बारा वर्षांपर्यंत साधारण चार नंबरचा पुरतो. पाच नंबरचा म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम, मोठ्या माणसांचा. चिखलाच्या मैदानावर भिजलेला जुना पाच नंबर नऊच्या पोराला हेड करायला लावणं म्हणजे शिक्षाच.

---

दोन_पोरांचा_बाप
१३ मे, रात्री १०:४०

बायकोला हा धागा दाखवणार नाही.

---

हिशोबनीस
१४ मे, सकाळी ९:००

मूळ प्रश्नाकडे येतो. सगळे नीती-अनीती बोलताहेत, मी आकडे मांडतो.

नवीन टीमची फी समजा महिना २,००० असेल. तुम्ही पंधरा मुलं आणलीत. १५ गुणिले २,००० म्हणजे ३० हजार. तुमचं मानधन २८ हजार. म्हणजे साहेब, ते तुम्हाला काहीच देत नाहीयेत. तुमचा पगार तुम्हीच घरून डब्यात घेऊन चाललाय, वर २,००० रुपये त्यांना भाडं.

पुढचं गणित. ती पंधरा सहा महिन्यांत द्वारकेच्या ट्रॅफिकला कंटाळून आठ झाली, तर १६ हजार. मग तुमचे २८ टिकतील? का तेव्हाही "सर, समर कॅम्पचे पैसे येऊ द्या"?

तुम्हाला कोच म्हणून घेताहेत की बॅच म्हणून, ते आत्ताच विचारा. "एकही मूल आलं नाही तरी २८ का?" हा एकच प्रश्न. उत्तर कागदावर.

---

सिडकोकर
१४ मे, सकाळी ९:०८

प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा. घरून डब्यात, हाहाहा.

---

डावापाय
१४ मे, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. दोन दिवस प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. हिशोबनीस, तुमचा वाचून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. फी २,२०० आहे. म्हणजे तुमच्या हिशेबापेक्षाही वाईट.

अनघाताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. मी मनात यादी केली होती. रात्री झोपताना, ओळीने. गोलकीपर आधी, मग दोन्ही सेंटरबॅक, मग ती एक मुलगी जी मुलांपेक्षा जास्त पळते. सतरा-अठरावर थांबलो. जी राहिली ती कोण, हे तुम्ही विचारल्यावर बघितलं. त्यात चिकू होता. (नाव नाही, आम्ही म्हणतो.) नोव्हेंबरचा जन्म, वयोगट १ जानेवारीला कापतात, म्हणजे टीममधल्या जानेवारीवाल्यांपेक्षा जवळपास वर्षाने लहान. खांद्याला लागतो त्यांच्या. बॉल आला की घाबरून लगेच मारतो. लेफ्ट बॅकला उभा करतो मी त्याला आणि दोन वर्षं एकच वाक्य ओरडतोय, "टाइम आहे, फिर!"

आणखी एक अडचण. माझी एक वही आहे. दोनशे पानी, आता तिसरी चालू. प्रत्येक पोराचं एक पान. कुणाला पंप लागतो दम्याचा, कुणाचे वडील नाइट शिफ्टला असतात म्हणून शनिवारी उशीर, कुणाला सगळ्यांसमोर ओरडलं की बंद पडतो आणि कुणाला ओरडल्याशिवाय सुरूच होत नाही. ही वही न्यायची की ठेवायची?

---

कलम_बहाद्दर
१४ मे, रात्री ११:३०

याला कलम नाही.

---

जुना_गोली
१५ मे, सकाळी ६:५०

परवा मी "खुशाल न्या" म्हणालो होतो. अजून अर्धा तिथेच आहे. पण वहीचं सांगतो. दम्याचं, शिफ्टचं, तेवढं पुढच्या कोचला लिहून द्या. स्वच्छ अक्षरात. ओरडण्याबिरडण्याचं त्याचं त्याला कळेल, कळू द्या.

आणि एक तांत्रिक गोष्ट कुणी बोललं नाही. पोरांची फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी) नोंद असेल तर ती एका वेळी एकाच क्लबची असते. तुमच्या मागे आलेलं पोर जुन्या क्लबने सोडलं नाही तर अधिकृत स्पर्धेत बाकावर बसणार. मालक रागात असेल तर किती आठवडे लावेल ते तुम्हीच ओळखा. मोठ्यांच्या भांडणात सीझन पोराचा जातो.

---

पाटाकडचा
१५ मे, सकाळी ११:२०

गोलीकाका बरोबर. आणि कोचनं कशाचीच आशा ठेवू नये. उद्या तुमचा चिकू परदेशी क्लबात पैशानं गेला तर फिफाच्या नियमानं ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून मिळतात. क्लबांना. वहीवाल्याला रकाना नाही त्यात.

---

तर्री_जास्त
१५ मे, सकाळी ११:३१

चिकू परदेशात गेला तर मी स्वतः सगळ्या धाग्याला मिसळ देईन. पाव एक्स्ट्राचे पैसे ज्याचे त्याने.

---

गाळीव_रत्न
१५ मे, दुपारी १२:०४

जिलबी म्हणालो होतो. वाचतोय. पुढे काय झालं ते लिहा.

---

दोन_पोरांचा_बाप
२ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. डावापाय गेले का? आमच्या सरांनी हेडर बंद केले, फक्त कळवायचं होतं. नीट विचारलं तर ते म्हणाले, "मलापण डोकं दुखायचं लहानपणी."

---

डावापाय
१८ ऑगस्ट, रात्री १०:५०

उशीर झाला, माफी. लांबलचक होणार आहे.

आधी नव्या टीमच्या गृहस्थांना हिशोबनिसांचा प्रश्न विचारला. फोनवर नाही, समोर बसून. "एकही मूल आलं नाही तरी २८ का?" ते थोडे गप्प झाले. म्हणाले, "२४." मी म्हटलं लिहून द्या. दिलं. चार हजार गेले, पण आता मला माहीत आहे की माझे किती आणि पोरांचे किती.

मग जुन्या मालकांना सांगितलं. वाटलं होतं आवाज चढेल. ते फक्त म्हणाले, "किती नेताय?" मी म्हटलं शून्य. त्यांचा विश्वास बसला नाही, अजूनही नसेल. थकलेल्यातले दोन महिन्यांचे पत्र दिल्यावर मिळाले, बाकीचं चालू आहे. वकीलसाहेब, पत्राचा आवाज खरंच वेगळा येतो.

ग्रुपवर मेसेज टाकला नाही. त्यांच्या परवानगीने महिनाअखेरच्या शनिवारी सगळ्या ४१ मुलांना आणि आलेल्या पालकांना एकदम सांगितलं. कुठे चाललोय तेही सांगितलं, कारण लपवलं असतं तर सोमवारपर्यंत शोधून काढलंच असतं कुणीतरी. "तुमचं कुणाचंही काही चुकलेलं नाही" हे वाक्य मी घरी म्हणून बघितलं होतं, अनघाताई. तरी तिथे नीट निघालं नाही. एक जण रडला, दोघं हसले, आणि ती जास्त पळणारी मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आज मॅच होणार नाही का?" मॅच झाली.

दम्याचं, शिफ्टचं, सगळं चार पानांवर उतरवून नवीन कोचला दिलं. २४ वर्षांचा पोरगा आहे, ई लायसन्स. त्याने घडी करून ट्रॅकच्या खिशात घातलं. वाचलं की नाही माहीत नाही. वही घरी आहे.

आता नवीन टीम. पहिला दिवस जूनचा पहिला सोमवार. मैदान काळ्या मातीचं, पहिल्या सरीत चिकट, बुटाखाली अर्धा-अर्धा किलो चिखल. बरीचशी पोरं सरकारी प्रेसमधल्या आणि रेल्वेतल्या लोकांची. एवढी चिवट पोरं मी पाहिली नव्हती आणि एवढा वाईट पहिला टचही पाहिला नव्हता. सगळे बॉल पाच नंबरचे, दोन तर शिवण उसवलेले.

डोक्यात सगळं बदलायची घाई होती. पहिले दोन आठवडे काहीच बदललं नाही. जुने सर जे वॉर्म-अप घ्यायचे तेच घेतलं, मैदानाला चार चकरा, मला अजिबात पटत नाही तरी. पोरं मला तपासत होती. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने (तेरा वर्षांचा, मिशी फुटतेय) मुद्दाम बॉल रस्त्यापलीकडे मारला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. ओरडण्याची वाट बघत होता. मीच गेलो आणायला. परत आलो तेव्हा त्याने विचारलं, "सर, तुम्ही पण जाणार का सहा महिन्यांनी?" दीड वर्षात तीन कोच झालेत त्यांचे. कुणीतरी जाताना पाच जणांना सोबत घेऊन गेला होता, हा राहिलेल्यांतला.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पंधरा-वीस का मागितली ते तेव्हा कळलं. पटलं नाही, पण कळलं.

तिसऱ्या आठवड्यात चार नंबरचे सहा बॉल आणले. मैदान आडवं कापून सात-सातच्या दोन मॅच लावल्या, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. चकरा बंद. जुन्या वहीसारखी नवी सुरू केली, चौदा पानं भरलीत.

जुन्यातली किती आली? तीन. एकाची बदली होऊन घरच नाशिकरोडला आलं, ते धरायचं की नाही तुम्ही ठरवा. दुसरी दोघं भाऊ, त्यांच्या वडिलांनी जुन्या अकॅडमीत रीतसर सांगून, सीआरएसवर सोडवून आणलं. मला फोन आला तो सगळं झाल्यावर. यादीतला गोलकीपर तिथेच आहे. छान चाललंय त्याचं.

आणि आता जे लिहायला खरं तर बसलो ते. गेल्या रविवारी एका छोट्या स्पर्धेत आमची मॅच पडली, कुणाशी ते ओळखा. पाऊस, चिखल, गोललाइन दिसत नव्हती. ०-० होतं, शेवटची सहा-सात मिनिटं. त्यांच्या लेफ्ट बॅककडे बॉल गेला. चिकू. आमचा मिशीवाला कॅप्टन धावत निघाला त्याच्यावर, चिकूची पाठ त्याच्याकडे, आणि मला दिसलं की हा आता घाबरून बाहेर मारणार. आणि माझ्या तोंडून गेलं, जोरात,

"टाइम आहे, फिर!"

फिरला. आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे फिरला, कॅप्टन घसरून पुढे गेला, चिकूने मान वर करून बॉल मधून सरळ स्ट्रायकरच्या पायात दिला आणि गोल.

आम्ही ०-१ हरलो.

मॅचनंतर आमची पोरं बाटल्या घेऊन माझ्याभोवती बसली. कुणी बोलेना. शेवटी कॅप्टन चिखल खरवडत म्हणाला, "सर, तुम्ही नक्की कोणाचे?" आणि सगळी हसायला लागली. मी पण.

---

सिडकोकर
१८ ऑगस्ट, रात्री ११:०२

अरे भो!!! शून्य पोरं नेली आणि गोलही त्यांना देऊन आला!

---

अनघा_नि
१८ ऑगस्ट, रात्री ११:२०

माझा मुलगा आता चौदाचा आहे. त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "त्या लेफ्ट बॅकला कळलं का आवाज कुणाचा होता?"

---

डावापाय
१८ ऑगस्ट, रात्री ११:३४

कळलं. गोल झाल्यावर सगळे स्ट्रायकरवर पडले आणि हा एकटा उलट्या दिशेला, माझ्याकडे बघत उभा. मग त्याच्या नवीन सरांनी त्याला हाक मारली तेव्हा गेला. त्या पोरगेल्या कोचने जाताना मला हात केला. खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला, पावसात पार लगदा झालेला.

---

हिशोबनीस
१९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

२४ हजार वेळेवर येताहेत का?

---

डावापाय
१९ ऑगस्ट, सकाळी ९:४५

जुलैचे ५ तारखेला आले. ऑगस्टचे बघू.

---

जुना_गोली
१९ ऑगस्ट, सकाळी १०:००

मैदान नेमकं कुठलं? देवळालीहून मला सोपं पडेल. गोलकीपरला कोण बघतं तुमच्याकडे? कुणी नसेल तर मी शनिवारी येतो. पैसे नकोत. गुडघे दोन्ही माझे आहेत अजून.

---

दोन_पोरांचा_बाप
१९ ऑगस्ट, सकाळी १०:१२

माझा थोरला बारा पूर्ण. बघायला आणला तर चालेल का? स्टड नाहीत त्याच्याकडे.

---

डावापाय
१९ ऑगस्ट, सकाळी १०:३०

गोलीकाका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शनिवारी साडेसहा. हातमोजे आहेत, एकच जोडी, अंगठ्याला फाटलेली.

बाप, स्टड नकोत, साधे बूट चालतील, जुनेच आणा. आणि आत्ता जिथे खेळतोय तिथल्या सरांना आधी सांगून या.